प्रुइटच्या कोपऱ्यातलं बारावं डोकं

आर्डिसआत्या,

अकरा रात्री मी धड झोपले नाहीये, ते आधीच सांगते, म्हणजे अक्षर बघून कोणी घाबरायला नको. ओपलमुळे नाही. ती आता सहा महिन्यांची झाली, संध्याकाळी डोळे मिटते ते उजाडेपर्यंत हूं नाही की चूं नाही. मी जागी आहे ती भीतीने. एक तर मला काउंटीच्या सभेला प्रतिनिधी म्हणून निवडलंय, आणि दुसरं म्हणजे कोल्बीदादा माझ्याशी बोलत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे वृद्धाश्रमात जेवणात मीठ घालायला लागले का? (वाचून दाखवणाऱ्या ताई, तुम्हालाही नमस्कार. आत्याचे डोळे गेल्यापासून माझी पत्रं तुम्हीच वाचता म्हणे. शुद्धलेखनाचं मनावर घेऊ नका, मी दहावीतच शाळा सोडली.)

तर कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या रात्रीचं सांगते. आत्या, तू चाळीस वर्षं गेलीस, तुला नवीन काही नाही, पण ताई आयोवाच्या नसतील तर त्यांना कळायला हवं. आमच्याकडे सातच्या आत शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांच्या देखत. शेजारी, सासू, दात काढणारा डॉक्टर, सगळे बघत असतात कोण कुठे उभं आहे ते. सातला जो रांगेत नाही तो गेला. वेंडेलची मांसाच्या कारखान्यात दुसरी पाळी, म्हणून माझा नवरा दर वेळी गेलेल्यांतच. तो मूळचा विस्कॉन्सिनचा, त्यांच्याकडे प्रायमरी असते. दिवसभरात सवड मिळेल तेव्हा जायचं, आडोशाला उभं राहून कागदावरचा ठिपका काळा करायचा, घरी येऊन जेवायचं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. तो म्हणतो, तुम्ही लोक मत देता की संगीत खुर्ची खेळता?

दादाचा उमेदवार प्रुइट. सप्टेंबरपासून दादाने त्याच्यासाठी दारं ठोठावली, बर्फातसुद्धा. प्रुइट स्वतः दादाच्या स्वयंपाकघरात बसून पॅनकेक खाऊन गेला. ओपलला त्याने मांडीवर घेतलं आणि ती त्याच्या टायवर ओकली. हा किस्सा दादाने गावात इतक्यांदा सांगितलाय की लोक आता ओकारी कुठे पडली ते त्याच्या आधी सांगतात. टाय पुसलेलं फडकं त्याने अजून धुतलेलं नाही.

जिमच्या दारात मिसेस ड्रेयर यादी घेऊन बसल्या होत्या. माझ्या आठवीच्या बाई. म्हणाल्या, "ट्रिना, आलीस एकदाची शाळेत!" आणि सगळी रांग हसली. मी पक्षाच्या कागदावर सही केली. यादीत ऐंशी माणसं झाली. शंभरामागे पंधरा नसतील तर तो कोपरा मोडतो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात निदान बारा डोकी हवीत. दादाकडे अकरा होती आणि बारावी मी. (ओपलला धरत नाहीत. मी विचारलं.) दादाने मला हाताला धरून भिंतीशी उभं केलं आणि म्हणाला, "इथून हलू नकोस, बाई."

मी हलले. काय करणार? ओपलने लंगोट असा भरला की प्रुइटचे लोक दोन पावलं मागे सरले, आणि त्यांना मागे सरून चालण्यासारखं नव्हतं. मी तिला घेऊन बाथरूममध्ये गेले, आणि नेमकं दाराचं कुलूप अडकलं. मी बाहेर येईपर्यंत मोजणी झालेली. अकरा. ऐंशीच्या यादीत मी होते, कोपऱ्यात नव्हते.

मग जो गोंधळ होतो तो तुला माहीत आहे. मोडलेल्या कोपऱ्यातल्यांनी एकतर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर घरी. "इकडे या, आमच्याकडे लिंबाच्या वड्या आहेत!" म्हणून चारी बाजूंनी हाका. दादाने टोपी डोक्यावर घातली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेला. मी लॅन्सिंगबाई म्हणून दुसऱ्या उमेदवार आहेत, त्यांच्या कोपऱ्यात गेले, कारण तिथे एक खुर्ची होती. त्यांना चार प्रतिनिधी निवडायचे होते. तीन जण पटकन उठले, चौथं कोणी उठेना, सगळ्यांना घरी जायची घाई. तेवढ्यात ओपलने माझे केस मुठीत धरले, ते सोडवायला मी हात वर केला, आणि मिसेस ड्रेयर म्हणाल्या, "शाबास ट्रिना! तुझा हात कधी वर बघितला नव्हता." टाळ्यासुद्धा झाल्या. आता बारा मार्चला मला दिवसभर काउंटीच्या सभेत बसायचंय आणि म्हणे कधी कधी उठून बोलावंही लागतं. मी पिझ्झा मागवायचा फोनसुद्धा वेंडेलला करायला लावते.

दादाला मी कुलपाचं सांगितलं. त्याचा विश्वास बसला. तू ओळखतेसच त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन शाळेत गेला, लहान लेकरू आत अडकलं होतं म्हणून मुख्याध्यापकांवर ओरडला आणि सगळं कुलूप खोलून जमिनीवर मांडलं. मग मला फोन आला. "कुलूप चांगलं आहे, ट्रिना." एवढंच, आणि ठेवला. तेव्हापासून काही नाही. कुलपांचं असं असतंच ना आत्या, कधी अडकतात कधी नाही.

वेंडेलचा आशीर्वाद माग, म्हणजे तुझा त्याला दे, मी काय लिहितेय. गुडघ्याला शेक घे.

तुझी ट्रिना

ता. क. ओपल बाटली फक्त मामाच्या हातूनच घेते. माझ्या हातून नाही, वेंडेलच्या नाही. आणि बारा मार्चला वेंडेलची जादा पाळी आहे.

ता. क. दुसरा. ताई, हे मोठ्याने वाचू नका. पत्र संपलं म्हणा. दादा म्हणजे आत्याचा जीव की प्राण, तिला हे सोसायचं नाही.

कुलूप अडकलं नव्हतं. ओपलला बदलून झालं होतं, माझा हात कडीवर होता, आणि बाहेर नऊ, दहा, अकरा ऐकू आलं. मला प्रुइट नको होता. मला पहिल्यापासून लॅन्सिंगबाई हव्या होत्या, पण माझ्या बाळाचा पाळणा ज्याने केला त्या भावासमोर उठून दुसऱ्या कोपऱ्यात कशी जाणार? वेंडेलकडे आडोसा असतो. आमच्या जिममध्ये बंद होणारं दार तेवढं एकच होतं.

दादा बारा ते साडेबारा जेवायला घरी असतो. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मी तीनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. हे पत्र ज्यांच्या कोणाच्या हातात असेल त्यांनी माझ्या भावाला फोन करा. म्हणा, कुलूप चांगलंच होतं, ट्रिना म्हणते. आणि तो काही बोलला नाही तरी ठेवू नका, ओपलला दात आलाय, तेही सांगा.