पंचमाशिवाय

२६ नोव्हेंबर २०२४
सापडलं! भैरवीतला पंचम काढायचा आणि त्याच्या जागी तीव्र मध्यम बसवायचा. सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम — पेटीवर तिन्ही पट्ट्या एकदम दाबल्या की अंगावर काटा येतो. टेकायला कुठं भिंतच नाही. पाश्चात्त्य संगीतातही ही पंचम गाळलेली सुरावट फारसं कुणी वाजवत नाही म्हणे. मी वाजवणार. रविवारी, बुवांच्या बैठकीत.

२८ नोव्हेंबर
गणपतराव बुवांना ऐकवलं. वीस वर्षं त्यांच्याकडं पेटी शिकतेय, चेहऱ्यावरूनच कळलं. "तेजस्वी, सा ला टेकू न्हाय की ह्यात. लोकं बसायची न्हाईत." आणि वर, "उठली, तर माझ्या बैठकीत हे परत आणायचं न्हाय."
कबूल म्हटलं. मला कसली भीती!

२९ नोव्हेंबर
तानपुऱ्यातला पंचम तीव्र मध्यमाशी भांडतोय. मालकंसाला लावतात तशी ती तार शुद्ध मध्यमात लावली. झकास.

१ डिसेंबर
फजिती. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पहिल्या रांगेतले नेहमीचे श्रोते आकारामकाका उठले, चपला शोधायला लागले. मागोमाग सगळेच. बुवांच्या सूनबाईंनी चहा ओतायला घेतला. माझ्यानंतर ज्याला गायचं होतं तो गायक तसाच बसलेला!
"काका, का उठलात?"
"भैरवी झाली न्हवं? मग बैठक संपली की."

२ डिसेंबर
रात्रभर चिडचिड, सकाळी उजेड पडला. तानपुरा मध्यम-मध्यम करत होता, लोकांच्या कानांनी त्यालाच सा मानलं. आणि मध्यमाला सा मानलं की हेच सूर चक्क भैरवी होतात. टेकू मीच पुरवला, मूर्खासारखा.
आता सगळ्या तारा षड्जात. मध्यमावर थांबायचं नाही. लहान लहान जागा घेऊन सारखं सा कडं यायचं.
बुवांना फोन केला. चूक तानपुऱ्याची, सुरावटीची नाही म्हटलं. "एक डाव देतो. शेवटचा."

५ जानेवारी २०२५
अठरा मिनिटं. एक माणूस हलला नाही. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या. मला ठाऊकच होतं. बुवा मात्र उठून आत गेले. फार लागलं.

६ जानेवारी
सकाळी बुवा रिक्षातून आले, स्वतःची पेटी घेऊन. माझ्यासमोर सतरंजीवर बसले. "शिकीव मला."
दुसऱ्याच ओळीत त्यांचं बोट पंचमावर गेलं. "बुवा, चुकलं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.