फुलाचा वास, मेणबत्तीवर फुंकर

मानवत, १४ फेब्रुवारी २०२५

चि. रेणुकास आबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर चार शब्द बोललं की धाप लागती, म्हणून पत्र लिहायलोय. जिनिंगमधी पस्तीस वर्षं कापसाची धूळ गिळली, त्याची ही पेन्शन.

तुझ्या दवाखान्याच्या संशोधनाचा कागद मिळाला. त्यात लिहिलंय, नाकानं फुलाचा वास घ्या, मग ओठाचा चंबू करून मेणबत्तीवर फुंकर घाला, रोज दहा खेपा. घरात फूलबी न्हाई अन् मेणबत्तीबी न्हाई. दोन्ही एका जागी फक्त विहारात. म्हणून पौर्णिमेला तिथं जाऊन बसलो. दहा खेपा, दहा मेणबत्त्या विझल्या. विहाराची झाडलोट करणारी बायनाबाई पेटवायली अन् मी विझवायलोय. शेवटी शेजारच्या पंडितनं सगळ्यांदेखत विचारलं, की तात्याराव, धम्म सोडला का काय.

राहिलं तुझ्या लग्नाचं. बुद्धवंदना पंडितलाच पुढं होऊन द्यायला सांग. मागल्या लग्नात त्रिशरणाच्या दुसऱ्या खेपेला, दुतियम्पिला, माझा दम सरला अन् मी तोंड वासून उभा. चाळीस वर्षं गावाला वंदना दिली, पण तुझ्याच लग्नात हसं करून घ्यायचं न्हाई. लय वाईट वाटतं, पण इलाज न्हाई.

आशीर्वादाला दम लागत न्हाई, म्हणून भरपूर पाठवलेत.

तुझा आबा,
तात्याराव

संभाजीनगर, २२ फेब्रुवारी

आदरणीय आबांस नात रेणुकाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र आमच्या संशोधनाच्या मॅडमना वाचून दाखवलं. त्या खुर्चीतून पडायच्या राहिल्या. आबा, फूल अन् मेणबत्ती मनातल्या मनात धरायची असते. अन् ती विझवायची नसतेच. ज्योत नुसती वाकावी इतकी हळू फुंकर, श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ. आजी सांगते, तुमी धापेच्या औषधाचा पंप उशाखाली ठेवून झोपता. उशाखाली ठेवून गुण येत नसतो, तो डॉक्टरांनी सांगितला तसा ओढायचा असतो.

वंदना मी तुमच्या मांडीवर बसून शिकले. वीस एप्रिलला तुमीच द्यायची, न्हाईतर मी अन् सिद्धोधन कोर्टात सही करून मोकळे होऊ. दम लागला तर थांबा. लोक थांबतील.

लोभ आहेच, तो वाढू द्या, धाप तेवढी कमी करा.

तुमची,
रेणुका

मानवत, ३० मार्च

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

पंप उशाखालून काढला. फुंकर आता हळू जमायली. पण ओटीवर चंबू करून बसलो की लोकाला वाटतं म्हातारा शीळ घालायलाय. समोरच्या गोपाळच्या बायकोनं रस्ता बदलला. तुझी आजी दोन दिवस बोलली न्हाई.

दुतियम्पिपर्यंत जातोय, पुढं न्हाई. लग्नाला तीन आठवडे राहिले. भ्या वाटायलंय, तरी मीच देईन. तू कोर्टात जाऊ नको.

तुझा,
आबा

जिंतूर, २५ एप्रिल

आदरणीय आबांस सासरहून पहिला जयभीम.

सगळं सुखरूप. सिद्धोधन अजून आठवलं की हसतो. दुतियम्पिला तुमी थांबलाव तवा माझाच श्वास अडकला होता. मग तुमी हातातलं फूल हुंगलं, चंबू केला अन् हळूच फू. चाळीस वर्षं तुमच्या मागून म्हणायची सवय लागलेलं गाव ते, चारशे माणसांनी फुलं हुंगली अन् एका दमात फू केलं. समोरच्या मेणबत्त्या सगळ्या गेल्या. पंडितकाकांची फुंकर तर माझ्या पदराला लागली.

तिसरी खेप, ततियम्पि, मात्र तुमी शेवटपर्यंत नेली. मी रडले ते सासरी जायचं म्हणून न्हाई, हे आईला सांगू नका. मॅडम विचारतात, आमच्या अभ्यासात पेशंट चाळीस, हे चारशे कुठं धरायचे.

माया असू द्या, पंप विसरू नका.

तुमची,
रेणुका

मानवत, १५ मे

चि. रेणुकास व सिद्धोधनरावास आशीर्वाद.

काल गोपाळच्या पोरीचं लग्न झालं. वंदना पंडितनं दिली. दुतियम्पिला तो थांबला न्हाई, तर सगळा मांडव थांबला. लोकांनी फुलं नाकाला लावली अन् त्याच्याकडं बघत बसले. पाहुण्यातल्या एका म्हातारीनं त्याला झापलं, की मधला विधी का गाळतोस. पंडितची छाती भात्यासारखी, त्याला कशाची गरज? तरी बिचाऱ्यानं फू केलं, तवा वंदना पुढं सरकली.

मी फुलाआड हसू दाबायलो होतो. पण इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की धाप लागली. मग सगळ्यांचं झाल्यावर मीबी फू केलं, मांडवात माझी एकट्याचीच फुंकर तेवढी खरी होती.

दोघांनी जोडीनं या. येताना फुलं आणा, मेणबत्ती नको.

तुझा,
आबा