दुसऱ्या सशाची रेघ

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

माणसाच्या मूत्रपिंडातलं एक प्रथिन शोधायला आम्ही सशाच्या रक्तातली अँटिबॉडी वापरतो; ती त्या प्रथिनाला चिकटते आणि फिल्मवर त्याची एक रेघ उमटते. जुनी कुपी संपत आली म्हणून नवी मागवली, ती दुसऱ्या सशाची. आज फिल्मवर नेहमीच्या रेघेखाली आणखी एक फिकट रेघ आली. नमुना बिघडलाय, की हा ससाच वेगळा? माझा सगळा प्रबंध एका रेघेवर उभा आहे.

करकंबहून आईचा फोन आला, तिला सांगितलं.

"पयल्या सशाचं रगत घ्या की परत."

"तो मेला, आई."

"मग आता कसं गं?"

जुन्या कुपीत एका चाचणीपुरतं उरलंय. त्याच नमुन्यावर लावलं की कळेल. पण त्यात एकच रेघ आली, तर कोणत्या सशावर विश्वास ठेवू?

दुपारी ती जुनी कुपी फ्रीजमधून काढली आणि परत ठेवली. माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, जपून वापरायला हवी.