उत्तरदाता क्रमांक सतरा

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संशोधकाने रोज लिहावं, असं मॅडम म्हणतात. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. निदान हे तरी वेळेवर लिही, असंही म्हणाल्या. विनोद असावा.
त्यासाठी खास हिरवं पेन घेतलं. हिरव्या शाईने लिहिणारा माणूस सहसा दुसरा नसतो.
विषय पक्का: ‘शेजाराचा अंत’. शहरी समाजातला बदल. हे सिद्ध करायला मला पुस्तकं चाळायची गरज नाही. या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं राहतोय आणि एकही माणूस ओळखीचा नाही. आणखी काय पुरावा हवा?
एप्रिलमध्ये तरुण संशोधकांची परिषद आहे. तिथे पेपर जमला तर फेलोशिप सहा महिने वाढेल. नाही जमला तर खोली सोडून ताईकडे. ताईची तयारी आहे. भावोजींचं विचारलेलं नाही.

५ फेब्रुवारी
सर्व्हे इथेच करायचा. चोवीस फ्लॅट, माझा वगळता तेवीस. फॉर्मवर नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. फक्त मजला, वय, स्त्री की पुरुष, आणि चौदा प्रश्न. भरलेला फॉर्म जिन्याखालच्या पेटीत टाकायचा. पेटी म्हणजे माझ्या बुटांचं खोकं, वर फट पाडलेलं. गोपनीयता अशी कडक, की कुणी काय लिहिलं ते मलाही कळणार नाही.
एक फॉर्म स्वतः भरून वेळ मोजली. वेळ खरी यावी म्हणून उत्तरंही खरी लिहिली. अकरा मिनिटं. फट पुरते का हे बघायला तोच फॉर्म आत टाकला. सुर्रकन गेला. उद्या काढून घ्यायचा.

८ फेब्रुवारी
फॉर्म वाटून झाले. दमलो. समोरच्या आजींनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, अरे, तू समोरचाच ना? मला वाटलं मीटर बघायला आलास. आत ये म्हणाल्या, पण अजून अकरा घरं बाकी होती. मग म्हणाल्या, तुझी एक किल्ली माझ्याकडे ठेव बाबा. एकटा जीव, उद्या बाथरूममध्ये पडलास तर दार फोडायचं का आम्ही?
हसून वेळ मारून नेली. निरीक्षण: म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या घरावर ताबा हवासा वाटतो. यावर वेगळं प्रकरण होईल.
(एकच किल्ली आहे. दुसरी पहिल्याच आठवड्यात हरवली. पण मुद्दा तो नाही.)

१६ फेब्रुवारी
पेटीत एकोणीस फॉर्म! मी पाच धरून चाललो होतो. लोकांना कुणीतरी विचारायला हवं असतं. बिचारे.
खोकं न उघडता आकडेवालीच्या टेबलावर ठेवलं. आकडेवाली म्हणजे आमच्या विभागातली, सगळ्यांचे तक्ते तीच करते. फॉर्म पत्त्यांसारखे पिस, मग नंबर दे, असं बजावलं. ती म्हणाली, एवढं लपवायला बिल्डिंगमध्ये हेर राहतात का? संशोधनातली नैतिकता सगळ्यांना कळतेच असं नाही.

२४ फेब्रुवारी
तक्ता आला. आकडेवाली म्हणाली, नीट बघ बरं का, तुझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं दिसतंय. मी म्हटलं, सरासरीत माणूस हरवतो. मी माणूस शोधतोय.
आणि सापडला. उत्तरदाता क्रमांक सतरा!
पुरुष. तिसरा मजला. एकटा राहतो. किती शेजाऱ्यांची नावं माहीत आहेत: शून्य. जादा किल्ली कुणाकडे: कुणाकडेच नाही. आजारी पडल्यास कुणाला हाक माराल: ‘बघू.’ घरी शेवटचं कोण आलं: ‘नळ दुरुस्त करणारा, सात महिने झाले.’ शेवटी, आणखी काही सांगायचंय का, या जागी लिहिलंय: ‘वेळ मिळाला की ओळखी करून घ्यायच्या आहेत.’
वाचून गलबलून आलं. वेळ मिळाला की! कुणासाठी थांबलाय हा माणूस? आणि राहतो माझ्याच मजल्यावर, माझ्यापासून चार पावलांवर. याला म्हणतात शेजाराचा अंत.
आता पूर्ण पेपर सतरावर. बाकीचे अठरा परिशिष्टात.

२ मार्च
मॅडमना गोषवारा आवडला. सतरा फार जिवंत उतरलाय म्हणाल्या. पण नुसत्या फॉर्मवर जाऊ नकोस, त्याला भेटून ये.
मी म्हटलं, गोपनीयता. त्या म्हणाल्या, अरे, सगळ्या मजल्याशी चार शब्द बोल, त्यात तोही येईल.

९ मार्च, रविवार
शोधमोहीम. मजल्यावर सहा दारं. एक माझं. एक आजींचं. एकात नवरा-बायको आणि दिवसभर रडणारं बाळ. एकात तीन नर्स. राहिली दोन: कोपऱ्यातले काका आणि त्यांच्या शेजारचं, नेहमी बंद असणारं दार.
काकाच असणार. वय झालेलं, बायको नाही, चालताना खाली बघतात. अर्धा डझन संत्री घेऊन गेलो. आवाज हळुवार ठेवला. आत चौघेजण पत्ते कुटत बसले होते. काका ओरडले, या या, पाचवा आला! मग संत्री सोलून सगळ्यांनी खाल्ली. एकाने विचारलं, हा कोण? काका म्हणाले, माहीत नाही, पण चांगला मुलगा आहे, संत्री घेऊन आलाय. बस म्हणाले. मला नोंदी करायच्या होत्या.
काका नाहीत.

११ मार्च
म्हणजे बंद दार. वॉचमनला आडून विचारलं. तो म्हणाला, साहेब, तिथं दोन वर्षं कुणी राहत नाही, मालक परदेशात असतो.
अंगावर काटा आला. सतरा इतका एकटा आहे, की तो राहतो हे वॉचमनलासुद्धा माहीत नाही.

१२ मार्च, सकाळ
बंद दारावर तीनदा टकटक केली. आतून काही नाही. साहजिक आहे, सवयच राहिली नसेल. दाराखालून चिठ्ठी सरकवली: ‘तुम्ही एकटे नाही. कधीही बोलायला या. तुमचा एक शेजारी.’ संशोधकाने इतकं गुंतू नये. पण मी आधी माणूस आहे.
फ्लॅट नंबर लिहायचा राहिला.

१३ ते २० मार्च
कुणी आलं नाही. घरी थांबलो होतो. बेल चालू आहे, दोनदा स्वतः वाजवून पाहिली.

२३ मार्च
ताईचा फोन. सतराबद्दल सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू जेवतोस ना रे नीट? हिला विषयाचं गांभीर्य कळत नाही. म्हणाली, पुढच्या रविवारी येऊ का तुझ्याकडे? नको म्हटलं. परिषद तोंडावर आहे. वेळ मिळाला की बोलावतो.

८ एप्रिल, दुपारी २.४०
परवा परिषद. मॅडमना स्लाइडवर सतराच्या मूळ फॉर्मचा फोटो हवाय. आकडेवालीने तो मघाशी पाठवला. पहिल्यांदाच बघतोय. टपोरं, स्वच्छ अक्षर. कोपऱ्यात लिहिलंय: ‘११ मि. ठीक.’ म्हणजे यानेही वेळ मोजली! पद्धतशीर माणूस. आमचं जमलं असतं.

दुपारी २.५५
शाई हिरवी आहे.

९ एप्रिल
मॅडमना सांगितलं. आधी त्यांना वाटलं, सतरा वारला. मग पूर्ण ऐकलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, पाच फेब्रुवारीचा फॉर्म तू काढून घेतलाच नाहीस? उद्या काढायचा असं ठरलं होतं, असं मी म्हटलं.
मग तक्ता समोर ओढून त्यांनी सतरावर रेघ मारली. राहिले अठरा. अठराच्या अठरांची जादा किल्ली शेजाऱ्याकडे. आजारपणात हाक मारायला निदान दोन घरं. आकडेवाली मागे उभीच होती. म्हणाली, मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, तुझ्या बिल्डिंगमध्ये शेजार धडधाकट आहे. एकालाच काय ते झालंय.
मॅडमनी विचारलं, मग निष्कर्ष काय? मी म्हटलं, विचार करतो. म्हणाल्या, कर, उद्या साडेअकरापर्यंत.

१० एप्रिल, संध्याकाळी ५
पंधरा मिनिटं ठरली होती, सात मिळाली. श्रोते सहा. त्यात मॅडम, आकडेवाली आणि माइकवाला. शीर्षकातला ‘अंत’ काढला. अठरा घरांचं सांगितलं. नव्याने काही मांडायचं नव्हतं, म्हणून जे होतं तेच वाचलं.
छापलेल्या गोषवाऱ्यात मात्र सतरा तसाच राहिला होता. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, यात तर सतरा नंबरवरच सगळं आहे, त्याचं काय झालं? मी म्हटलं, तांत्रिक कारणामुळे त्याला डेटातून काढलं. ती म्हणाली, डेटातून काढलं हो, पण माणूस कसा आहे?
माइकवालाही बघायला लागला. मी म्हटलं, ठीक आहे. आज सकाळी भेटलो होतो.
बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, सहा महिने नाही, तीन देते. नवा विषय: शेजार टिकतो कसा. सुरुवात आपल्या मजल्यापासून कर. फॉर्म नको. जाऊन बस.
तीन म्हणजे जवळजवळ सहाच.

संध्याकाळी ७.३०
आजींकडे गेलो. बूट काढले. किल्ली पुढे केली आणि दोन वाक्यं पाठ केली होती ती विसरलो. त्या म्हणाल्या, आलास का शेवटी?
दारामागे लाकडी फळी. तिच्यावर खिळे. प्रत्येक खिळ्याला किल्ली आणि खाली चिकटवलेल्या कागदावर फ्लॅटचा नंबर. काकांची, नर्सेसची, बाळवाल्यांची, बंद दाराचीसुद्धा. त्या घरातल्या कुंड्यांना आजी दर सोमवारी पाणी घालतात. एक खिळा मोकळा होता. त्याच्या खालच्या कागदावर माझा नंबर. कागद पिवळा पडलेला. विचारलं, कधी लावला? म्हणाल्या, तू राहायला आलास त्या आठवड्यात, सामान चढत होतं तेव्हा.
मग टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ही त्या बंद घरात पडली होती. हिरवी शाई, म्हटलं तुझीच. रिकाम्या घरात कुणाला लिहितोस रे? हिच्यावर नंबर तरी टाकायचास, मी आले असते.
चिठ्ठी खिशात ठेवली. किल्ली खिळ्याला लावली. छान दिसली. आजींचा निरोप घेऊन समोर आलो.
दाराशी दीड मिनिट उभा होतो.
मग पुन्हा आजींची बेल वाजवली. त्या न विचारताच किल्ली घेऊन आल्या. म्हणाल्या, एकच आहे, हे तुला आधी सांगता नाही आलं? आतल्या खोलीतून कोपऱ्यातल्या काकांचा आवाज आला, कोण आहे? आजी म्हणाल्या, समोरचा. संत्रीवाला.
किल्ल्या करून देणारं दुकान उद्या दहाला उघडतं. तोवर खिळा मोकळाच.