गळक्या छपराचं कोडं

१७ मार्च, रविवार, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणतो, मनातलं कागदावर उतरवलं की रक्तदाब उतरतो. ही वही दुधाच्या डेअरीतून फुकट मिळालेली. चाळीस वर्षं टँकर चालवला त्याचं बक्षीस. पानांना आंबूस वास येतो.

टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेची यादी जाहीर झाली. त्यानंतर कॉर्विन ड्रेक नावाचा मन ओळखणारा आला. दात इतके पांढरे की बघवत नाहीत. त्यानं म्हणे विजेत्याचं नाव आधीच लिहून लोखंडी डब्यात बंद केलंय. नाव सांगितलं नाही, कोडं घातलं. ते उतरवून घेतलं:

ज्यांचं छप्पर गळतं, ज्यांनी उसन्या कपड्यांत पहिली लढाई जिंकली, ज्यांचं सर्वांत धारदार शस्त्र बाकावर ठेवलेलं असतं, त्यांच्याच हाती करंडक.

डबा एप्रिलच्या पहिल्या रविवारी उघडणार. म्हणजे सातला. फायनल सोमवारी, आठला. या गाढवाला तारीखसुद्धा माहीत नाही आणि हा भविष्य सांगतोय.

संकल्प: कोडं मी सोडवणार. शिक्षण आठवीपर्यंत, पण डोकं पूर्ण आहे.

१८ मार्च, सोमवार, सकाळी ६.४०

मार्नीच्या हॉटेलात ठरलं. दरवर्षी चौसष्ट संघांचा तक्ता भरतो, यंदा तक्ता नाही. यंदा कोडं. प्रत्येकानं एक नाव लिहून पाकीट द्यायचं, मार्नी ती पाकिटं केकच्या काचेच्या कपाटात ठेवणार. नाव बदलायचं असेल तर बदला, पण मग दुसऱ्या दिवशी सकाळची भांडी घासायची. जिंकेल त्याचा कप वर्षभर कॉफीच्या भांड्यावरच्या पितळी खिळ्याला. सव्वीस वर्षांत माझा कप तिथे एकदाही लागला नाही. लोवेल मास्तरचा नऊ वेळा.

लोवेल हा गणिताचा निवृत्त मास्तर. निवृत्त झाला पण सुटला नाही. म्हणाला, व्हर्जिल, आठवीत शाळा सोडलीस ते बरं केलंस, नाहीतर शाळेलाच तुला सोडावं लागलं असतं. डोयल न्हावी हसला. त्याच्या तोंडात कायम आगकाडी. हसला की ती ओली काडी दिसते. माझी नाश्त्याची बिस्किट-ग्रेव्हीची ताटली तशीच राहिली.

तारखेवर लोवेलनं सिद्धांत मांडला. एक दिवसाचा फरक हाच गुप्त इशारा. म्हणजे सगळ्यातून एक वजा करायचं. आम्ही तासभर वजाबाकी केली.

मार्नीनं मध्येच विचारलं की हा माणूस कुठल्या स्पर्धेबद्दल बोलतोय, पोरांच्या की पोरींच्या. तिघंही हसलो. डोयलला ठसका लागला. अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये, बायकांना वाईट वाटतं.

१९ मार्च, मंगळवार

नात केन्नाचा फोन. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, मेरिडेलला, पोरींच्या संघात खेळते. त्यांचंही नाव त्यांच्या स्पर्धेत आलंय. ऐन विचारात असताना फोन. बोलतच राहिली. म्हणे आजोबा, काल सरावात कोर्टावर सात बादल्या होत्या, पाऊस थेट आत. मी म्हटलं आठवी ठेवा. म्हणे या वर्षी आम्ही पुढे जाणार, फायनलला क्लीव्हलँडला याल ना. म्हटलं नक्की. फोन ठेवायला हे वाक्य उपयोगी पडतं.

तिच्यावर जीव आहे. गोठ्याच्या भिंतीला रिंग मीच ठोकून दिली होती. फ्री थ्रो मीच शिकवला. चेंडू तीनदा आपट, हात कमरेला पूस, श्वास सोड, मग टाक. हजार वेळा तरी चेंडू आणून दिला असेन. पण तिची कोच तिला सुरुवातीला खेळवतच नाही. बाकावर बसवते, खेळ अडला की उठवते. हा अपमान आहे. असला खेळ मी कशाला बघू.

छप्पर: केंटकीत टॉलिव्हर युनिव्हर्सिटी. गेल्या वर्षी गारपिटीत त्यांच्या व्यायामशाळेचं छप्पर फुटलं होतं. मला आठवतं, तेव्हा मी दूध घेऊन त्या रस्त्यानं जायचो.

पाकीट दिलं. टॉलिव्हर. शंभर टक्के.

२१ मार्च, गुरुवार, दुपारी ४

टॉलिव्हर पहिल्याच सामन्यात हरले. त्यांचा उंच पोरगा चेंडू असा धरतो जणू कुणाचा शेंबडा रुमाल. किळस आली.

मी हरलो नाही. कोड्यात उसने कपडे होते, ती बाजू मी तपासलीच नव्हती.

२२ मार्च, शुक्रवार

नाव बदललं. वेस्ट ग्रँबी. त्यांचा जुना कोच जाताना कोट विसरून गेला आणि नवीन कोच तोच घालून उभा राहिला, असं डोयलला दाढी करताना कुणी सांगितलं होतं. उसने कपडे. हाताला लागलंय कोडं.

उद्या भांडी.

२३ मार्च, शनिवार

भांडी घासली. लोकांच्या ताटात अंड्याचा बलक कसा वाळतो हे बघितलं की माणूस माणसांवरचा विश्वास गमावतो. मार्नी म्हणते व्हर्जिल, घास, न्याहाळू नकोस.

घरी दूध काढायला फ्रिज उघडला. दारावर केन्नाचा नोव्हेंबरमधला फोटो, डार्लानं लावलेला. डार्ला माझी मुलगी, केन्नाची आई. फोटोत पोरीच्या अंगात भलत्याच शाळेचा ढगळ शर्ट. यांच्या कपड्यांची बॅग विमानवाल्यांनी दुसरीकडे पाठवली, मग तिथल्या शाळेचे शर्ट मागून आणून हंगामाचा पहिला सामना खेळल्या. जिंकल्या म्हणून फोटो. फोटोत सगळ्या हसताहेत. कपड्यांची लाज राहिली नाही कुणाला.

रात्रीचं जेवण: सूप. बेचव.

२५ मार्च, सोमवार

मेरिडेल पुढे गेल्या म्हणून डार्लाचा फोन. आनंदानं रडत होती. मी म्हटलं अभिनंदन, पण आता कामात आहे. म्हणाली पप्पा, कसलं काम. तिला काय सांगणार.

अडचण अशी की पुरावे हवेत. लोवेलकडे कॉलेज बास्केटबॉलच्या वार्षिक अंकांचा खोका आहे. तीस वर्षांचे अंक. प्रत्येक कॉलेज, प्रत्येक व्यायामशाळा, छपरासकट. कुणाला हात लावू देत नाही. मी मागितले तर म्हणाला, तुझ्या बोटांना लोणी असतं.

२७ मार्च, बुधवार, सकाळी १०

टपाल आलं. केन्नाचं जाड पाकीट. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं, फायनलचं तिकीट. एकच, घरच्या माणसासाठी. आत चिठ्ठीही असावी. पोरीचं अक्षर बारीक, चष्मा गाडीत राहिलेला, मग वाचू.

क्लीव्हलँड इथून पाच तास. गुडघा. पार्किंग. तिथल्या बाथरुमांबद्दल मला माहिती आहे. आणि तीन सामने जिंकल्याशिवाय त्या तिथे पोचणार नाहीत, पोचल्या तरी पोरगी बाकावर बसणार. बाकावर बसलेलं बघायला पाच तास कोण जातो.

सकाळी ११.३०

माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार सौदा. लोवेलला तिकीट, मला खोका. लोवेलनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, व्हर्जिल, नातीनं पाठवलंय रे, नीट विचार कर. मी म्हटलं ती समजूतदार आहे. म्हणाला, चिठ्ठी तरी काढून घे. मी म्हटलं असू दे पाकिटासकट, आत तिथला पत्ता असेल, तुला उपयोगी पडेल. मास्तर लोक भावनेच्या आहारी जातात. खोका उचलून निघालो, तो विचार बदलायच्या आत.

२९ मार्च, शुक्रवार

लोवेलनं काल नाव बदललं आणि आज भांडी घासली. कारण विचारलं तर सांगेना. घाबरला. अंक हातून गेले, आता अंदाजपंचे चाललाय. सव्वीस वर्षांत मास्तरला प्रथमच घामाघूम पाहिलं. ते साबणाच्या वाफेनं असेल, पण दिसलं ते दिसलं.

अंक वाचतोय. प्रत्येक अंकाच्या शेवटी पोरींची पंचवीस-तीस पानं. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं, ती पानं फाडून पायाखाली घातली. आता टेबल पक्कं.

३० मार्च, शनिवार

वेस्ट ग्रँबी हरले. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या कोचनं कोट काढला. कोट काढला नसता तर जिंकले असते. म्हणजे माझं उत्तर बरोबरच होतं, त्यानं बिघडवलं.

१ एप्रिल, सोमवार

मेरिडेल शेवटच्या चारांत. गावात बँकेबाहेर केन्नाच्या नावाचा फलक लावलाय. माझं आडनाव त्यावर बरोबर लिहिलंय, एवढंच बरं. मार्नी म्हणाली आजोबा आता निघायची तयारी करा. मी म्हटलं गुडघा. लोवेल खिडकीबाहेर बघत होता. डोयल म्हणाला तुझा गुडघा खोके उचलताना बरा असतो. त्याची काडी तुटली तेव्हा मला समाधान वाटलं.

डार्लाला सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

३ एप्रिल, बुधवार

केन्नाचा फोन. आजोबा, तिकीट मिळालं ना, चिठ्ठी वाचली ना. म्हटलं दोन्ही मिळालं. खोटं नाही, मिळालंच होतं. म्हणाली मग ठरलं. मी म्हटलं ठरलं. तिनं आणखी काहीतरी विचारलं, पण माझ्यासमोर नेब्रास्काच्या एका गळक्या छपराचा उल्लेख होता. नंतर कळलं तो चर्चच्या छपराचा.

५ एप्रिल, शुक्रवार

मेरिडेल जिंकल्या. परवा फायनल. केन्ना बाकावरून उठून एकोणीस गुण. कोचनं मुलाखतीत म्हणे सांगितलं, ही माझी सुरी आहे, सुरी मी आधी काढत नाही. मार्नीनं सांगितलं मला. आपल्या नातीला सुरी म्हणणं मला आवडलं नाही. मार्नीनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, व्हर्जिल, तुला काहीच वाटत नाही? म्हटलं वाटतं ना, बाकावर बसवायला नको होतं.

६ एप्रिल, शनिवार

पोरांच्या स्पर्धेत उद्याचा दिवस मोकळा, फायनल सोमवारी. उरलेल्या दोघांपैकी मी अखेरचं नाव दिलं, सेंट ओडेल. छप्पर गळत नाही, पण त्यांच्या गावात पूर आला होता. पाणी ते पाणी. रविवारी हॉटेल बंद, म्हणून भांडी सोमवारी घासायची.

लोवेल पहाटे क्लीव्हलँडला गेला. जाताना माझ्या दारात गाडी थांबवून हॉर्न दिला. म्हणाला, अजून वेळ आहे, अंक तुझ्याकडेच ठेव, तूच जा. मला वाटलं अंक परत मिळवायची युक्ती आहे. हात हलवला.

७ एप्रिल, रविवार, दुपार

पोरींची फायनल टीव्हीवर. बघायचं ठरवलं नव्हतं. चॅनल तिथेच लागलेलं होतं.

नऊ सेकंद उरलेले, मेरिडेल एका गुणानं मागे, केन्नाला दोन फ्री थ्रो. चेंडू तीनदा आपटला. हात कमरेला पुसला. श्वास सोडला. मग टाकायच्या आधी मान वळवून प्रेक्षकांत वर बघितलं. हे मी शिकवलेलं नाही. नजर रिंगवर हवी. ती कुठे बघतेय म्हणून कॅमेराही तिकडे गेला. चौथ्या रांगेत लोवेल. टोपी काढून छातीशी धरलेली, मान खाली.

पहिला हुकला.

मग ती बराच वेळ फक्त रिंगकडे बघत राहिली. दुसरा आत, बरोबरी. पुढे कुणीतरी चेंडू हिसकावला, आणखी दोन गुण, जिंकल्या. बाकी नीट दिसलं नाही. टीव्ही जुना आहे.

दुपारी ४.२०

कॉर्विन ड्रेक आला. दात तेच. डबा उघडला. कागदावर मेरिडेल. म्हणाला, मी कॉलेज बास्केटबॉलचा विजेता म्हटलं होतं, तो पोरांचा असं मी कधी म्हटलं, आणि तारीखही मी तुम्हाला बरोबर सांगितली होती. लोक टाळ्या वाजवत होते.

फसवणूक आहे. असले चौसष्ट डबे त्याच्याकडे असणार.

टेबलाखालची पानं काढून बघितली. मेरिडेल, पान २११: व्यायामशाळा १९५४ची, छप्पर गळतं. चहाचा डाग पडलाय त्यावर. टेबल परत डुगडुगतंय.

डार्लाचा फोन वाजला. घेतला नाही. काय म्हणणार ते माहीत आहे.

८ एप्रिल, सोमवार, सकाळी ७.१५

मार्नीनं पाकिटं फोडली. डोयलचं चूक. माझं तर आज रात्रीपर्यंत चूकही ठरायचं नव्हतं, तरी तिनं बाजूला टाकलं. लोवेलच्या पाकिटात मेरिडेल. तारीख २८ मार्च.

मी म्हटलं मास्तर, ही लबाडी आहे.  लोवेल रात्री पाच तास गाडी चालवून आलेला, डोळे लाल. खिशातून केन्नाची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, मी तिला सांगितलं तुझा गुडघा फार दुखत होता. म्हणाली असेल. मग पुन्हा म्हणाली, असेल.

चष्मा होता. वाचली. छप्पर अजून गळतंय. नोव्हेंबरचे उसने शर्ट आम्ही शुभ म्हणून जपून ठेवलेत. कोच मला सुरी म्हणते. शेवटी: आजोबा, चौथी रांग, अकरावी खुर्ची. मी मुद्दाम कोर्टाच्या त्या टोकाची मागून घेतली. फ्री थ्रोच्या आधी एकदाच तिकडे बघीन. तुम्ही गोठ्यात मान हलवायचा तशी हलवा.

डोयलसुद्धा काडी चावायचा थांबला होता.

७.५०

सेंट ओडेलची भांडी बाकी होती. घासली. मार्नी म्हणाली आज राहू दे. मी म्हटलं नियम म्हणजे नियम. वीस ताटं, तीन तवे, अकरा कप. लोवेलचा कपही त्यातच होता. विसळला, पुसला. मार्नीचा हात पोचत नाही म्हणून पितळी खिळ्याला मीच लावला. मान वर केली तेव्हा गुडघा खरंच दुखला, हे लिहून ठेवतो.

कपाच्या तळाशी डाग राहिला असेल तर तो जुना आहे.