बाळंतिणीच्या आईला कोणता व्हिसा?

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
वकिलातीचा व्हिसा कक्ष,
उलानबातर.

अर्जदार: श्रीमती इचिनखोरलो, वडिलांचे नाव ल्हामजाव, धंदा शिवणकाम, राहणार दारखान.

विषय: पर्यटन व्हिसा नाकारला गेल्याबाबत, आणि मुलीच्या बाळंतपणास जाणाऱ्या आईला कोणता व्हिसा लागू होतो ते कळवण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे नकारपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, माझी मुलगी नोमुनदारी ही आपल्या देशातील बुसान येथे मासळी डब्यांत भरण्याच्या कारखान्यात रीतसर परवान्यावर नोकरीस आहे. ती गरोदर असून डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठण्यास मनाई केली आहे. जावई तोमोरखुयाग मासेमारीच्या बोटीवर असतात आणि बोट किनाऱ्याला कधी लागेल ते मालकालाही सांगता येत नाही. सबब मला तिच्याजवळ जाणे भाग आहे.

व्हिसा या विषयात मी अडाणी होते. येथील प्रवासी एजंट श्री. बाझारगुर यांनी मला असे सांगितले: "काकू, बाळंतपणाचं नावसुद्धा काढू नका. आई लेकीकडे निघाली म्हटलं की त्यांना वाटतं, ही काही परत येत नाही. फिरायला चाललेय म्हणा. राजवाडा बघायचाय, समुद्र बघायचाय. आणि तिकडे कोणी आहे का विचारलं तर सरळ नाही म्हणून मोकळ्या व्हा." त्याप्रमाणे त्यांनी पर्यटन व्हिसाचा अर्ज भरला आणि ते बोट ठेवतील तिथे मी सही केली.

मुलाखतीच्या वेळी राजवाड्यांची नावे मी न अडखळता सांगितली. नंतर दुभाष्याने विचारले, "आमच्या देशात तुमचं कोणी नातेवाईक?" महोदय, माझी दोन लेकरे लहानपणीच गेली. जे एक जिवंत आहे त्याला स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणणे माझ्याने झाले नाही. 'आहे' म्हणावे तर श्री. बाझारगुर यांची ताकीद. दुभाषी चढ्या आवाजात म्हणाले, "आजी, ऐकू येतंय ना?" त्यावर मला रडू कोसळले आणि मुलाखत तिथेच संपली. नकारपत्रात 'प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही' असा शेरा आहे. तो योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतर मी व्हिसाच्या प्रकारांची स्वतः चौकशी केली. कुटुंबभेटीचा व्हिसा वेगळा असतो हे मला आपल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितले, एजंटने नव्हे. परंतु त्यासाठी मुलीचे निमंत्रणपत्र लागते आणि त्या पत्रासाठी तिने तेथील कचेरीत जातीने हजर राहावे लागते. जिला अंथरुणातून उठायची बंदी तिने कचेरीत जायचे, तेव्हा आई येणार. ती कचेरीत जाऊ शकली असती, तर मी गेले नसते तरी चालले असते. जावई सही करू शकतात, पण ते समुद्रात आहेत.

दुसरा मार्ग सहलीच्या गटाबरोबर जाण्याचा. त्यात गट सोडता येत नाही. म्हणजे बस तिच्या गल्लीवरून गेलीच, तर खिडकीतून हात हलवायचा. हे मी श्री. बाझारगुर यांना बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "मग तुम्हीच आजारी पडा ना काकू! उपचाराचा व्हिसा पटकन मिळतो." मी ठणठणीत आहे, महोदय. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेले नाही.

मी परत येईन याचा पुरावा मागितला जातो. मला पगार नाही, बँकेत सांगण्याजोगे काही नाही. नववर्षाच्या सणासाठी लोकांनी अंगरख्यांचे कापड माझ्या घरी आणून टाकले आहे. लोकांचे कापड घेऊन गेलेल्या शिंपिणीला आमच्या गावात पुन्हा कोणी दारात उभे करत नाही. हा पुरावा धरावा, अशी विनंती आहे.

येथवर लिहून झाले असता काल दुपारी नोमुनदारीचा फोन आला. ती न्हाणीघरात पडली होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण बुनरे आजींनी आवाज ऐकला, दार उघडवले आणि तिला दवाखान्यात नेले. दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. बाळ काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात, त्याहून जास्त काही बोलत नाहीत.

बुनरे आजी समुद्रातल्या शेवाळाचे सूप घेऊन येतात आणि ते संपेपर्यंत खाटेशी बसून राहतात. मी लेकीला विचारले, "तुझ्याशी बोलतात का गं नीट?" ती म्हणाली, "नुसत्या ओरडतात, आई. पटापट बोलायला लागल्या की मला एक शब्द कळत नाही. पण अगदी तुझ्यासारखं ओरडतात." आणि ती फोनवर रडू लागली. तिला बाळंतपणात मेंढीचे सूप करून घालीन असे मी म्हणत होते, महोदय. सूप घेऊन एक परकी बाई पोचली आणि मी पोचले नाही.

बाळंतपण होऊन गेल्याने मूळ विनंतीला आता अर्थ उरलेला नाही. म्हणून हेतू नव्याने लिहून देते, म्हणजे यावेळी तो अस्पष्ट राहणार नाही. लेकीला जवळ घ्यायचे आहे. बुनरे आजींच्या दारात जाऊन आमच्यात मानाने देतात तो निळा रेशमी पट्टा दोन्ही हातांनी त्यांना द्यायचा आहे. आणि नातीला नाव द्यायचे आहे. पेटीवरच्या चिठ्ठीवर सध्या फक्त 'नोमुनदारीची मुलगी' असे लिहिलेले आहे. आमच्यात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने बाळाच्या कानात तीनदा नाव सांगायचे असते. लेक म्हणाली, "फोन धरते पेटीपाशी, तू सांग." मी नको म्हटले. काचेतून ते तिच्यापर्यंत पोचणार नाही.

यास पर्यटन म्हणावे की कुटुंबभेट, ते आपण ठरवावे. जो प्रकार लागू असेल तो अर्ज मी भरीन आणि विचाराल त्याचे खरे उत्तर देईन. लेकीने फोनवर पाठवलेल्या दवाखान्याच्या दाखल्याची प्रत व माझा पासपोर्ट सोबत जोडला आहे. शक्य तितके लवकर कळवावे, कारण डॉक्टर अजून 'बघू'च म्हणत आहेत.

नाव मी ठरवले आहे. ते या अर्जात लिहीत नाही. ते पहिल्यांदा तिनेच ऐकले पाहिजे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,
(सही) इचिनखोरलो
दारखान, १८ नोव्हेंबर