जेवणानंतरचा नंबर

१२ मे, सोमवार

प्रबंध बांधून आला! काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं – माझं नाव, खाली एम.ए. इंग्रजी. बायकोने, वनमालाने, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. आता सोनेरी अक्षरांवर पिवळा डाग.

पेपर झाले, हजेरी भरली, सेमिनार झाले. राहिली फक्त तोंडी परीक्षा. परवा. आमच्या विभागाच्या मृणालिनी मॅडम म्हणाल्या, बाहेरचे परीक्षक कडक आहेत, भाऊ, दोनदा वाचून या. वाचायचं काय? 'लग्नपत्रिका आणि मेनूकार्डांवरचं इंग्रजी' – आख्खा जन्म तेच छापून घेतोय.

परीक्षकांचं जेवण मी अंगावर घेतलं. कॉलेजने कँटीनची थाळी सांगितली होती. वर्गात माझ्यासारखा केटरर असताना कँटीनची थाळी? बरं दिसतं का ते!

१४ मे, बुधवार

झाली. चांगली झाली. फारच चांगली झाली – तिथेच घोळ आहे.

यादीत माझा नंबर जेवणाआधी शेवटचा. तेजलचा जेवणानंतर पहिला. तेजल म्हणजे आमच्या शर्मिष्ठाबाईंची मुलगी. बाई माझ्या घाटकोपरच्या किचनमध्ये पोळ्या लाटतात. पोरगी वर्गात सगळ्यात हुशार. तिला म्हटलं, तू आधी जा ना गं, मला जेवणाकडे बघायचंय. जरा थांबली. मग म्हणाली, चालेल काका.

जेवणाकडे बघायला माझा माणूस राजेश होता की! खरं कारण वेगळं. धंद्यात शिकलोय – पार्टीकडून 'हो' हवं असेल तर आधी खाऊ घाल. उपाशी माणूस चुका काढतो, जेवलेला माणूस मान डोलावतो.

परीक्षक दिंडोशीहून ट्रॅफिकमध्ये रखडत आलेले, सकाळपासून पोटात नुसता चहा. शेजारच्या खोलीत मी वालाच्या बिरड्याची झाकणं उघडून ठेवली. सवय – वासाने पंगत तयार होते. मी परीक्षेच्या खोलीच्या दाराशी उभा. कान माझे तिखट. मांडवात कोण रुसलंय ते मला पाठमोरा उभा असूनही कळतं. तेजल नीट सांगत होती. अनुवादित आत्मचरित्रांवर काम आहे तिचं, दोन वर्षांचं. पण तो माणूस तिला एक वाक्य पुरं करू देईना. ते राहू दे. पुढे. हे कुठे वाचलंस? पुढे!

बाहेर आली ती ओठ मिटून. जेवली नाही. भरलेल्या टेबलावरून तशीच गेली.

मग मी. प्रबंधावर एकच प्रश्न. त्यानंतर साहेब म्हणाले, तुमची सोलकढी फाटत कशी नाही? आमच्या घरची नेहमी फाटते. विचारलं मात्र इंग्रजीत – परीक्षा ना! मीही इंग्रजीत सांगितलं, नारळाचं दूध गरम करू नका वगैरे. हशा झाला. बाहेर पडलो तर दार पुरतं लागलं नव्हतं. साहेबांचा आवाज आला –

"काकांना कुठे शिकवायला जायचंय? देऊन टाका भरपूर."

म्हणजे नापासाला दयेने पास करतात तसं. फक्त गुण जास्त.

२ जून, सोमवार

निकाल. तोंडीत वर्गात मी पहिला. तेजल शेवटून दुसरी. त्या गुणांनी तिची एकूण टक्केवारी पंचावन्नच्या जरा खाली आली. पंचावन्न नसले तर नेट-सेटला बसता येत नाही, म्हणजे कॉलेजात शिकवता येत नाही. तिने एम.ए. केलं ते त्यासाठीच. मी केलं हौसेने, भिंतीवर लावायला.

वनमाला बिल्डिंगभर पेढे वाटून आली. मी टीव्हीचा आवाज वाढवून बसलो.

३ जून

शर्मिष्ठाबाईंनी अभिनंदन केलं. तेजलचं विचारलं तर म्हणाल्या, तिचं नशीब भाऊ, तुम्ही काय करणार. खाली बघून लाटत राहिल्या. मी काय केलंय ते मला माहीत होतं. तिथून काढता पाय घेतला.

५ जून, गुरुवार

मॅडमना सांगितलं. सगळं – नंबर, झाकणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीसुद्धा जेवले की त्या पंगतीत."

एकट्या तेजलची पुन्हा घेता येणार नाही म्हणाल्या. लेखी दिलंत तर समिती सगळ्या वर्गाची पुन्हा घेईल, दुसरे परीक्षक बोलावून. तुमचीही. विचार करून द्या.

६ जून

पत्र लिहिलं. फाडलं. वनमालाने सत्काराला मुलुंडमध्ये हॉल बघून ठेवलाय.

९ जून, सोमवार

वनमालाला सांगितलं. आधी म्हणाली, मिळालंय ते कशाला उकरताय? मग नंबर का बदलला ते सांगितलं. भाजी निवडून झाली, पाणी भरून झालं. जाताजाता म्हणाली, "हॉल नाही म्हणून कळवते."

पत्र दिलं. वर्गातल्या पोरांनी ग्रुपवर माझी वाट लावली – म्हातारा सटकलाय, स्वतःचं झालं की आमचं बिघडवतोय. खरंय त्यांचं. तेजलचा एक शब्द नाही.

१६ जून, सोमवार

पुन्हा तोंडी. जेवण कँटीनचं. नंबर जिथल्या तिथे.

नव्या परीक्षक बाईंनी विचारलं – ज्या पाहुण्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना लोक इंग्रजी पत्रिका का पाठवतात? इतकी वर्षं पत्रिका बघतोय, हे मनात आलं नव्हतं. मेनूकार्डांचंच काहीबाही सांगत राहिलो. घाम! काठावर पास.

तेजल अर्धा तास आत. या वेळी दाराशी गेलो नाही. संध्याकाळी मॅडमचा फोन – पंचावन्नच्या वर गेली. सुटलो! दोन मोठे घास जास्त जेवलो.

१७ जून, मंगळवार

तेजल पेढे घेऊन किचनमध्ये आली. बाजूला घेऊन तिला सगळं सांगून टाकलं. म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं काका. म्हटलं, मग 'नाही' का नाही म्हणालीस गं?

"आई तुमच्याकडे कामाला आहे ना."

राग नव्हता आवाजात. माझे कान चुकत नाहीत. साधं सांगितलं, आणि पेढा पुढे केला.

ती गेल्यावर सवयीने काहीतरी विनोद केला मी. सगळं किचन हसलं – सगळे माझ्याकडे कामालाच. किती लगेच हसले सगळे!